मत द्यायचे, पण ऊन अंगावर घ्यायचे नाही

परभणी लोकसभा मतदारसंघात २०२४ चे मतदान २६ एप्रिलला झाले. जुन्या मंदिरांसाठी ओळखले जाणारे जिंतूर तालुक्यातील चारठाणा याच मतदारसंघात येते. एप्रिलअखेर इथला पारा चाळिशीच्या पुढे असतो, हे सांगायला वेधशाळा लागत नाही. २००४ पासून लोकसभेच्या पाचही निवडणुका उन्हाळ्यातच झाल्या. त्यामुळे मतदानाच्या सकाळी अनेक घरांत एकच प्रश्न असतो : आजीला, आजोबांना न्यायचे की नाही? आणि उत्तरही ठरलेले असते, ‘राहू द्या, एका मताने काय होतंय?’

२०२४ मध्येच मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. पण प्रश्न फक्त निकालाचा नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून नेणारा, अडचणीला १०८ ची वाट पाहणारा, निराधार योजनेच्या पैशांवर महिना काढणारा माणूसच उन्हामुळे घरी बसला, तर सरकारशी ज्याचे रोजचे काम पडते त्याचेच मत मोजले जात नाही.

उन्हाची भीती मात्र खोटी नाही. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात, १ जून २०२४ रोजी, उत्तर प्रदेशात उष्णतेने ३३ मतदान कर्मचारी दगावल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले.

रांगेत चक्कर का येते?

उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. घामावाटे पाणी आणि मीठ जाते. त्यात एकाच जागी उभे राहिले की रक्त पायांत साठते, मेंदूला कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उतारवयात तहान लवकर जाणवत नाही. बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यामुळे पाणी आणखी कमी होते. मधुमेही माणूस गोळी घेऊन उपाशीच निघाला तर साखर एकदम उतरते. अनेक बायका तर लघवीला कुठे जायचे या काळजीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मतदान केंद्रावर पिण्याचे पाणी, सावली आणि स्वच्छतागृह असणे अपेक्षित आहे. ते मागायला संकोच करू नये.

वेळ निवडणे हेच मोठे औषध

मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होते. वयस्कर, गरोदर आणि आजारी व्यक्तींनी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर जावे. मतदान संपायच्या वेळी जे रांगेत उभे असतात, त्या सर्वांना मत देता येते. त्यामुळे ‘उशीर होईल’ म्हणून दुपारी बारालाच धावण्याची गरज नाही. ज्येष्ठ, दिव्यांग आणि गरोदर महिलांना रांगेत पुढे सोडतात.

निघण्यापूर्वी न्याहारी करावी आणि रोजच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. मनाने गोळी बंद करू नये. डोक्याला रुमाल किंवा पदर, सोबत पाण्याची बाटली आणि मधुमेह असल्यास थोडी साखर असावी. घाम फार आला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारावे. रांगेत पाय हलवत राहावे, टाचा वर-खाली कराव्यात आणि अंधारी आली तर लगेच खाली बसावे.

घरी बसून मत

८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना २०२४ मध्ये घरून मत देण्याची सोय होती. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागत होता. गावातील बीएलओकडे तो मिळत असे. पथक घरी येते आणि मतपत्रिकेवर मत गुप्तपणे नोंदवता येते. मात्र ही सोय एकदा मंजूर झाली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ही मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते, म्हणून घरच्यांनी वेळेवर चौकशी करावी. केंद्रावर जाणाऱ्या अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षे पूर्ण झालेला सोबती मदतीला नेता येतो.

कधी जाऊ नये?

ताप, जुलाब-उलट्या, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर त्या दिवशी आधी दवाखाना गाठावा. आपल्याकडे मतदान सक्तीचे नाही आणि आजारी माणसाने त्याची खंत बाळगू नये.

रांगेत कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात समजावा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये, कारण जीव त्याच मिनिटांत वाचतो.