वाईन लिस्ट आणि नानांचा प्रश्न

सिअ‍ॅटलमधलं माझं दुसरंच वर्ष होतं. एक मोठं काम वेळेत पार पडलं म्हणून मॅनेजरने सगळ्या टीमला पाण्याकाठच्या एका स्टेकहाउसमध्ये जेवायला नेलं. खिडकीबाहेर एलियट बे, बेनब्रिज बेटाकडे निघालेली फेरी, पलीकडे ऑलिम्पिकचे डोंगर. आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि चामडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक. ते पुस्तक म्हणजे वाईन लिस्ट! मॅनेजरने ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "तू नाशिकचा ना? भारतातलं वाईनचं गाव! मग आज निवड तूच कर."

मी निफाड तालुक्यातला. द्राक्षाच्या बागेत वाढलो हे खरं, पण वाईनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी फक्त उजवीकडचे आकडे पाहिले आणि सगळ्यात स्वस्त बाटलीच्या एक पायरी वरची सांगून मोकळा झालो. वेटरने बूच काढलं, माझ्या ग्लासात घोटभर ओतलं आणि वाट बघत उभा राहिला. मला वाटलं, माझं मत विचारतोय. मी घोट घेऊन म्हटलं, "जरा गोड असती तर बरं झालं असतं." टेबलावर जो हशा पिकला तो अजून कानात आहे.

नंतर कळलं की तो घोट आवडीनिवडीसाठी नसतोच. बुचातल्या दोषामुळे कधीकधी वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट वास येतो. तसा वास येत नाही ना, एवढंच बघायचं असतं. ठीक असेल तर मान डोलवायची, संपलं!

त्या हशामुळे मी इरेला पेटलो. दारूचा शौक म्हणून नाही, पण ज्या वस्तूचा कच्चा माल आमच्या शिवारात पिकतो तिची यादी आपल्याला वाचता येऊ नये, हे मनाला लागलं. आता दहाएक वर्षांनंतर ऑफिसची मंडळी कुठेही गेली की ते पुस्तक आपसूक माझ्याकडे येतं. मी गोमांस खात नाही, स्टेकहाउसमध्ये माझा सामन मासा ठरलेला. त्याच्याबरोबर शेजारच्या ओरेगॉन राज्यातली पिनो न्वार. स्टेक खाणाऱ्यांना मात्र कॅबर्ने किंवा सिरा अशी दणकट लाल वाईन. तिच्यातला तुरटपणा मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला भिडला की मवाळ होतो.

यादी जोखायची कशी? इंजिनिअरच्या सवयीने मी आधी एक्सेल उघडलं. चार-पाच हॉटेलांच्या याद्या आणि दुकानातल्या किमती शेजारी शेजारी मांडल्या. दुकानात २० डॉलरला मिळणारी बाटली यादीत ६० च्या आसपास निघाली. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात आणि हॉटेलवाले बहुधा पहिल्याच ग्लासात आपली खरेदी वसूल करतात. त्यामुळे तिघं-चौघं असाल तर बाटलीच परवडते. गंमत म्हणजे स्वस्त बाटल्यांवरची चढण पटीत पाहिली तर जास्त असते, महागड्यांवर कमी. म्हणजे लाज राखायला मी निवडलेली ती 'तळातून दुसरी' बाटली काही शहाणपणाची नव्हती.

पण किंमत हा यादीचा एक भाग झाला. दुसरं बघायचं ते साल. द्राक्ष हे शेवटी पीक आहे, दर वर्षी सारखं येत नाही. २०२० साली ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात वणवे पेटले आणि त्यांचा धूर कित्येक बागांतल्या घडांना बाधला. हे माहीत असलेला माणूस साल विचारतोच. ज्या यादीत सालच छापलेलं नाही, तिथे लिहिणाऱ्याला गिऱ्हाइकाची पर्वा नाही असं समजावं.

तिसरी गोष्ट, गाव. नुसतं 'कोलंबिया व्हॅली' लिहिलं असेल तर त्यात वॉशिंग्टन राज्यातली जवळपास सगळीच वाईनची द्राक्षं आली. हा पट्टा एक कोटी एकरांहून मोठा आहे. 'रेड माउंटन' लिहिलं असेल तर चार-साडेचार हजार एकरांतली. 'महाराष्ट्राची द्राक्षं' आणि 'पिंपळगावची द्राक्षं' म्हणण्यात जो फरक, तोच हा. त्यापुढे बागेचं नाव असेल तर उत्तमच. पाण्याकाठच्या हॉटेलांत हे खास तपासावं. तिथलं गिऱ्हाईक बरंचसं एकदाच येणारं, प्रवासी. खिडकीतली फेरी दाखवून कुठलीही बाटली खपते, म्हणून काही ठिकाणी यादीवर मेहनतच घेतलेली नसते.

मागच्या ऑगस्टमध्ये आई-नाना इथे आले होते. नानांना मोठी फेरी जवळून बघायची होती. बघून झाल्यावर त्याच जुन्या स्टेकहाउसमध्ये त्यांना घेऊन गेलो. नाना माळकरी. आईलाही मांसमच्छी चालत नाही. भाजलेला बटाटा, मशरूम, सॅलड असं मागवलं. नानांची नजर त्या जाड पुस्तकावर गेली.

"यात काय लिहिलंय एवढं?"

मी वाचायला लागलो. सिरा आली तसं त्यांनी थांबवलं. "सिरा म्हणजे आपली शिराझच ना?"

तीच. द्राक्ष एकच, नावं दोन.

आमच्या घरात हे नाव बऱ्याच वर्षांनी निघालं. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आमच्याजवळ विंचूरला वाईन पार्क झालं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत शेतकऱ्यांनी हौसेने वाईनची द्राक्षं लावली. नानांनी २००६ मध्ये एका कंपनीशी करार करून दोन एकर शिराझ लावली. दोन तोडण्या चांगल्या गेल्या. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलंही ओस पडली. २०१० मध्ये कंपनीने सांगून टाकलं की टाक्या भरल्यात, माल नको. शिराझचे मणी बारीक, आत बिया, बाजारात कोण घेणार? आधीच्या मालाचे शेवटचे पैसेही आले नाहीत. त्या वर्षीची माझी इंजिनिअरिंगची फी मामाने भरली. उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून बाग काढली आणि तिथे थॉमसन लावली. आमच्यासारखे कितीतरी.

"इथली बाग कुठं आहे?" नानांनी विचारलं.

मी सांगितलं, की डोंगरापलीकडे. सिअ‍ॅटलचा पाऊस कॅस्केडच्या डोंगरांना अडतो, पलीकडे वर्षाला जेमतेम सहा-आठ इंच पडतो. नानांनी लगेच ओळखलं, "म्हणजे इगतपुरी आन् आपलं निफाड." तिकडे सगळं ठिबकवर. हिवाळ्यात बर्फात वेली झोपतात, म्हणून छाटणीही एकदाच. आपल्यासारखी एप्रिलला खरड छाटणी आणि पुन्हा ऑक्टोबरला फळछाटणी, असं नाही.

"तोडली किती ब्रिक्सला?"

हे मला कुठून माहीत असणार! मी सोमेलिएला, म्हणजे वाईनचं सगळं बघणाऱ्या मुलीला बोलावलं. ब्रिक्स तिला सांगता आलं नाही, पण बाटली आणून दाखवली. अल्कोहोल साडेचौदा टक्के. नाना क्षणभर पुटपुटले आणि म्हणाले, "पंचविसाच्या आसपास. चांगली पिकवलीय." कंपनीच्या माणसाने शिकवलेला हिशेब अजून पाठ होता. ती मुलगी चकित झाली. बाग कुणाची, वेली किती जुन्या, हे तिने नानांना समजावून सांगितलं. मी मध्ये दुभाषा. तिचं तिकडे जाणं-येणं होतं, हे ऐकताना कळत होतं.

बाटली ९५ डॉलरची होती. मी एक ग्लास मागवला. नानांनी तो नाकाशी नेला, वास घेतला, "मिरीसारखा येतोय," म्हणाले आणि माझ्यापुढे सरकवला.

"एका बाटलीला किलो-सव्वा किलो माल लागतो," ते म्हणाले. "पंच्याण्णवातले बागवाल्याला किती, ते लिहितात का यात?"

"नाही नाना."

आई इतका वेळ फेरीकडे बघत होती. तिने विचारलं, "आपल्या शिराझची बाटली कशी दिसत असंल रे?"

मला सांगता आलं नाही. आमची द्राक्षं दहा जणांच्या द्राक्षांबरोबर एकाच टाकीत गेली होती. लेबलवर ना गाव होतं, ना शेतकरी.

आता वाईन लिस्ट हातात आली की किमतीआधी मी बागेचं नाव शोधतो. असेल तर चार डॉलर जास्त पडले तरी तीच मागवतो. रविवारी फोनवर पाऊसपाणी, औषध फवारणी, नातवाची शाळा सगळं बोलून झालं, की नाना विचारतात, "हॉटेलात गेला होतास म्हणे? बागेचं नाव होतं का?"