घर बंद झालं की कुत्रा आकांत करतो? मार नको, सवय लावा

बेळगाव : सकाळी नवरा-बायको कामावर, मुलं शाळेत. दाराला कुलूप लागलं की आतून सुरू होतं ते केकाटणं. थोड्या वेळात शेजाऱ्यांचा फोन. संध्याकाळी येऊन पाहावं तर दाराची चौकट ओरबाडलेली, चपलांच्या चिंध्या झालेल्या आणि हॉलमध्ये लघवी. वाड्यात किंवा मळ्यात कुत्रा सहसा एकटा नसायचा, अंगणात कुणीतरी असायचंच. टिळकवाडी-हिंदवाडीच्या बंद फ्लॅटमध्ये मात्र तो आठ-आठ तास एकटा असतो.

घरच्यांना वाटतं, कुत्रा सूड उगवतोय. मग मार बसतो, नाहीतर एक दिवस त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडलं जातं. पाळलेल्या जनावराला असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि यातल्या बऱ्याच कुत्र्यांना आजार असतो तो भीतीचा. पशुवैद्यकात त्याला ‘सेपरेशन ॲन्झायटी’ म्हणतात, म्हणजे माणूस दूर गेला की होणारी घबराट.

खोडी की भीती?

कंटाळलेला कुत्रा जे सापडेल ते चावतो, थोडा वेळ खेळतो, मग झोपतो. घाबरलेल्या कुत्र्याचं लक्ष दारा-खिडकीकडे असतं, कारण तुम्ही तिथून गेलेले असता. तो धापा टाकतो, लाळ गाळतो, येरझाऱ्या घालतो, आवडीचं खाणंही शिवत नाही. हा प्रकार बहुतेक वेळा तुम्ही निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो.

खात्री करायला जुना मोबाईल पुरतो. कॅमेरा चालू करून तो कपाटावर ठेवा आणि वीस मिनिटं बाहेर जाऊन या. कुत्रा कितव्या मिनिटाला अस्वस्थ झाला, ते वहीत लिहा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर चालतो.

घरात तुम्ही असतानाही लघवी होत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा दुसरा आजार असू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात सेकंदांपासून

किल्लीचा आवाज, हेल्मेट, पायातली चप्पल, खांद्यावरची बॅग या खुणा कुत्र्याला पाठ असतात. घबराट तिथूनच सुरू होते. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा किल्ली उचला आणि पुन्हा जागेवर ठेवा. चप्पल घाला आणि टीव्हीसमोर बसा. काही दिवसांत किल्ली म्हणजे ‘मालक चालले’ हा अर्थ पुसट होतो.

त्यानंतर दार. बाहेर पडा, पाच सेकंदांत परत या. मग दहा, मग वीस, मध्येच पुन्हा पाच. वेळ दरवेळी वाढवत नेली तर कुत्र्याला ते कळतं, म्हणून कमी-जास्त करत राहा. तो अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं, हा मुख्य नियम. वहीत तीन मिनिटांचा आकडा असेल तर दोन मिनिटांतच आत या. बिघडलं तर आदल्या टप्प्यावर जा. पहिला अर्धा-पाऊण तास जमला की पुढची वाढ सहसा सोपी जाते. पण तिथवर पोचायला आठवडे लागतात, काही घरांत महिने. घाई चालत नाही.

तोवर कुत्र्याला त्याच्या मर्यादेपलीकडे एकटं ठेवू नये. एका दिवसाची घबराट आठवड्याची मेहनत घालवते. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, कॉलेजला जाणारा भाचा, कामाच्या वेळा आलटून-पालटून घेणं, ज्याला जे जमेल ते करावं. सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

निघण्याआधी चांगलं फिरवून आणा. हुंगत-हुंगत फिरू दिलं तर कुत्रा जास्त दमतो. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली मुधोळ जात तर मोकळ्या रानात धावणारी, तिला गॅलरीतल्या चार फेऱ्या पुरत नाहीत. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवला तर चाटण्यात बराच वेळ जातो. कांदा, मनुका, चॉकलेट मात्र अजिबात नको, ते कुत्र्याला विषारी असतं.

हे टाळा

परत आल्यावर मारणं, लघवीत नाक घासणं. कुत्रा त्याचा संबंध तुमच्या येण्याशी जोडतो आणि भीती दुप्पट होते. ‘अपराधी’ दिसणारं तोंड ही तुमच्या रागाला घाबरल्याची खूण असते. पिंजऱ्यात कोंडू नका, घाबरलेला कुत्रा गज चावून दात आणि नखं मोडून घेतो. सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याचा उपायही बऱ्याचदा फसतो, कारण त्याला माणूस हवा असतो.

औषध कधी?

कुत्रा स्वतःला इजा करत असेल किंवा सेकंदाचाही विरह सोसत नसेल, तर पशुवैद्यांशी बोला. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं यासाठी वापरतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सवयीचं काम सोबत चालूच ठेवावं लागतं. घरातल्या माणसाची झोपेची गोळी कुत्र्याला देऊ नये.

शेजाऱ्यांचं काय?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून अपार्टमेंटला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. मात्र कुत्रा शांत राहावा म्हणून होईल ते प्रयत्न करणं ही मालकाची जबाबदारी, हेही त्यातच आहे. म्हणून तक्रार यायच्या आधी आपणच दोन्ही बाजूंची दारं वाजवावीत. सवय लावणं चालू आहे, महिना-दोन महिने सांभाळून घ्या, असं सांगितलं की बरीचशी भांडणं तिथेच मिटतात. दुपारी कुत्रा किती वेळ रडला, हेही त्या शेजाऱ्यांकडूनच कळतं.