जुन्या मालवाहू गाडीचे आयुष्य

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन जुन्या गोष्टींना विशेष मान असतो: एक जुना मुनीम आणि दुसरी जुनी गाडी. दोघांच्या कुरकुरी आपण रोज ऐकतो. परंतु दोघांवाचून आपले एक दिवसही चालत नाही. बाजारपेठेत पहाटे उभे राहिले की रंग उडालेली, फाळका दोरीने बांधलेली, पण पोत्यांची थप्पी निमूटपणे वाहणारी एखादी वीस-पंचवीस वर्षांची पिकअप हटकून दृष्टीस पडते. ती इतकी वर्षे टिकते कशी, आणि तिला ठेवावी कोठवर, हा प्रश्न आमच्या बहुतेक सभासद-बंधूंच्या घरी केव्हा ना केव्हा उभा राहतो. त्याचा थोडासा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडे कोणत्याही लहान मालवाहू गाडीस ‘टेंपो’ म्हणतात. हे मुळात हांबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीने त्या जातीच्या तीनचाकी गाड्या येथे बनविल्या, आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात इंदूरजवळ पीथमपूरला मित्सुबिशीच्या व हैदराबादच्या बाजूस जहिराबादला निस्सानच्या साहाय्याने हलक्या मालमोटारींचे कारखाने निघाले. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ साली आली व त्यांची टाटामोबाईल पिकअप १९८८ साली. आज ज्यांना आपण ‘जुन्या गाड्या’ म्हणतो त्यांतील पुष्कळशा या पिढीच्या होत.

त्यांच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण म्हणजे सांगाडा. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींचा सांगाडा व शरीर एकच असते. शरीर गंजले की मोटारच संपली. पिकअपचे तसे नाही. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी जणू आडवी ठेवलेली शिडी म्हणजे तिची चासी. केबिन, हौदा, इंजिन, पाटे, सारे हिच्यावर नटबोल्टांनी बसविलेले. हौद्याची तळफळी सडली तर गावचा सुतार नवी बसवितो. पाट्याचे एक पान तुटले तर तेवढेच बदलता येते. घराची कौले बदलावी, भिंती तशाच राहाव्या, असा हा प्रकार आहे.

दुसरे कारण इंजिन. टाटांच्या ४९७ या इंजिनाच्या नावातच त्याचा हिशेब आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. जवळजवळ तीन लिटरांच्या या डिझेल इंजिनाकडून मागणी मात्र माफक होती. जो गडी आपल्या ताकदीच्या निम्म्यानेच काम करतो तो लवकर दमत नाही. शिवाय झिजलेला भाग पुन्हा उभा करण्याची सोय असते. क्रँकशाफ्ट झिजला तर तो पाव मिलिमीटर घासून त्या मापाचे बेअरिंग घालतात. पिस्टन व रिंगा नव्या येतात. गॅरेजमध्ये ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात ते काम झाले की इंजिन पुन्हा काही वर्षे चालते. त्यात संगणक नाही. डिझेल पोचविणारा पंपही सर्वस्वी यांत्रिक. त्यामुळे तालुक्याचा मिस्त्रीही त्याचे दुखणे कानाने ओळखू शकतो.

तिसरे कारण सुटे भाग. जी गाडी वर्षानुवर्षे फारसा बदल न होता बनत राहते तिचे भाग लहान गावातही मिळतात. एका पन्नास रुपयांच्या भागासाठी आठ दिवस उभी राहणारी गाडी कितीही मजबूत असली तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती टिकाऊ नव्हे.

परंतु गाडीचे अर्धे आयुष्यच कारखान्यात ठरते. उरलेले अर्धे आपल्या वजनकाट्यावर ठरते. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-अभियंत्याने आगगाडीचे ॲक्सल का तुटतात याचा शोध घेतला. पोलाद एका झटक्यात तुटणार नाही इतक्या भारानेही, तो लक्षावधी वेळा पडला तर, थकून तुटते. आणि भार वाढला की ही वेळ झपाट्याने जवळ येते, असे त्यास दिसले. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून भारलेले ट्रक सतत फिरविण्यात आले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. हा हिशेब रस्त्याचा खरा. पण पोलादाचा हिशेबही त्याच जातीचा आहे.

हा धडा आम्ही पुस्तकात नव्हे, घाटात शिकलो. एका दिवाळीच्या हंगामात बेळगावहून गोव्यास जाणाऱ्या आमच्या दोन टनी गाडीत आम्ही साडेतीन टन गूळ व साखर भरविली. चालक म्हणाला, “अण्णा, दोन खेपा करूया.” आम्ही ऐकले नाही. चोर्ला घाटाच्या उतारावर मागचा मुख्य पाटा तुटला, ॲक्सल सरकला, ब्रेक तापून निकामी झाले. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या कडेस घासत उभी केली, म्हणून तो वाचला. अवकाळी पावसात अर्धी साखर विरघळली. एका खेपेचे डिझेल वाचविण्याच्या नादात आम्ही एका घराचा कर्ता पुरुष पणास लावला होता, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

भाराखालोखाल शत्रू म्हणजे गंज. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या हवेत जी चासी तीस वर्षे जाते तीच गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने व पावसाच्या चिखलाने पुष्कळ आधी पोखरते. मिठाची पोती वाहिल्यानंतर हौदा व चासीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, चासीची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावी. वेळेवर तेल बदलणे, एअर फिल्टर स्वच्छ राखणे व ग्रीस भरणे, या तीन स्वस्त गोष्टी दुर्लक्षिल्या की महागाचे इंजिन जाते.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या पाहून ‘जुने ते सोने’ म्हणणे सोपे आहे. कारण ज्या मोडीत गेल्या त्या आपणांस दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक गाडीचे खाते स्वतंत्र ठेवावे. डिझेल, दुरुस्ती आणि बंद पडलेले दिवस यांची वार्षिक बेरीज नव्या गाडीच्या हप्त्यापुढे जाऊ लागली की विचार करावा. मात्र तीन बाबतींत खतावणीस विचारू नये: चासीस भेग वा आरपार गंज, भरवसा न देणारे ब्रेक, आणि काळा धूर. १ एप्रिल २०२० पासून विक्रीच्या नव्या वाहनांस भारत स्टेज सहाची मर्यादा लागू झाली. तिच्या तुलनेत जुने इंजिन हवा पुष्कळ अधिक बिघडविते, आणि ती हवा आपल्याच पेठेतली मुले घेतात. गाडी मोडीत द्यावयाची तर नोंदणीकृत केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे व नोंदणी रद्द करवावी, म्हणजे मागाहून तिच्या नावाचा बोजा आपल्यावर राहत नाही.

घाटातून परत आलेली आमची ती गाडी, दोन टनांची मर्यादा पाळून, त्यानंतर चौदा वर्षे चालली. अखेर मिस्त्रीने चासीवर हातोडी मारली तेव्हा आवाज बद्द आला. पोलादाऐवजी पापुद्रे निघाले. त्याच दिवशी आम्ही तिला निरोप दिला. चालकाने जाताना तिच्या बॉनेटवर हात ठेवला. मान राखून वापरावे आणि वेळ आली की मोह न धरता सोडावे, एवढेच त्या गाडीने आम्हांस शिकविले.