उसाच्या फडात बंदूक : सुभेदारांचे सांगणे



गेल्या आडसाली लागणीच्या वेळी ओढ्याकाठच्या एका गावी आम्ही ऊस पीक मेळाव्यास गेलो होतो. बेणे, हुमणी, खोडव्यातील पाचट हे नेहमीचे विषय झाल्यावर एका सभासदाने रानडुकरांचे गाऱ्हाणे काढले. "साहेब, तुमची ८६०३२ चांगली, पण ती डुकरांनाबी गोड लागती." सभा हसली. आम्हीही हसत बोलून गेलो, "मग घ्या की एखादी बंदूक!" टाळ्या पडल्या. मागल्या रांगेतले एक गृहस्थ मात्र उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती."

ही आमची आणि सुभेदारांची पहिली गाठ. आपल्याच कारखान्याचे सभासद, तीन एकरांचे बागायतदार. १९९९ साली कारगिलच्या लढाईत ते द्रासच्या बाजूला होते. तिथले फारसे बोलत नाहीत, आम्हीही खोदून विचारले नाही. एवढेच म्हणाले, "बरोबरची माणसं खाली आणली. घरी आल्यावर बंदुकीकडं बघू वाटंना." पेन्शनीवर आल्यावर बँकेत बंदूकधारी रखवालदाराची नोकरी चालून आली होती, तीही त्यांनी नाकारली. मग असा माणूस बंदुकीच्या परवान्याविषयी गावोगाव सांगत का हिंडतो?

त्याला कारण एक रात्र. आपल्याकडे शेतीची लाईट रात्रीची. सुभेदार रात्री दोन वाजता स्वतःच्या उसात दारे धरीत होते. बॅटरी विझवून सरीत बसले होते. शेजारच्या बांधावर त्यांचा सख्खा पुतण्या डुकरासाठी टपून बसलेला, हातात कुणाकडून तरी मागून आणलेली, बिनपरवान्याची ठासणीची बंदूक. उसात खसखस झाली, पोराने नळी तिकडे वळवली. तेवढ्यात सुभेदारांनी बिडीसाठी काडी ओढली. तो उजेड दिसला म्हणून घोडा दाबायचा राहिला. पोरगे बंदूक टाकून रडायला लागले. "कारगिलातनं वाचलो आणि आपल्याच उसात पुतण्याच्या हातनं गेलो असतो," असे ते आजही सांगतात, तेव्हा हसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराला मारले नाही. ते म्हणतात, नुसते "बंदूक नको" म्हणून भागत नाही. डुकरे यायची थांबत नाहीत, आणि पोरे चोरून गावठी हत्यार आणायची थांबत नाहीत. ज्याला खरेच गरज आहे त्याने ती कायद्याने घ्यावी, फौजेत सांभाळतात तशी सांभाळावी, आणि ज्याला हे जमणार नाही त्याने नाद सोडावा. हे आधी स्वतः करून दाखवायचे म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, कलेक्टर कचेरीचे हेलपाटे. फौजेत हयात घालवलेल्या माणसालाही यातले काही चुकले नाही.

आता थोडे कायद्याचे, कारण आमच्यासह पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय आहे. अर्जदाराचे वय २१ पुरे हवे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो, आणि परवान्याशिवाय बंदूक सापडली तर कमीत कमी दोन वर्षे कैद. वरातीत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुख्य गोष्ट : बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते मारायला वन खात्याची वेगळी, लेखी परवानगी लागते. बिबट्याचे तर नावच काढू नका. नुकसान झाले तर पंचनाम्यासाठी वन खात्याकडे ताबडतोब अर्ज द्यावा.

सुभेदारांना अशी परवानगी एकदा मिळाली होती. दोन रात्री ते बसले. दुसऱ्या रात्री डुक्कर चांगले टप्प्यात आले, पण त्याच्या मागे तोडणी मजुरांच्या कोप्या होत्या. त्यांनी बार काढला नाही. त्या बंदुकीने आजवर एकही डुक्कर पडलेले नाही. ती लोखंडी कपाटात कुलपात असते, काडतुसे दुसऱ्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली कारभारणीकडे. "फौजेत संध्याकाळी हत्यारं मोजल्याशिवाय जेवण नव्हतं," ते म्हणतात.

आमच्या मते तारेत करंट सोडणारे याहून मोठा गुन्हा करतात. ती तार डुक्कर आणि दारे धरणारा माणूस यांत फरक करीत नाही. पण तो विषय स्वतंत्र लिहिण्याचा आहे.

मेळाव्यानंतर महिनाभराने एक तरुण सभासद ऊस नोंदीच्या निमित्ताने गट ऑफिसात आला आणि चिटबॉय बाहेर गेल्यावर हळूच बोलला. वडिलांच्या नावची परवान्याची ठासणीची बंदूक, वडील जाऊन तीन वर्षे झालेली, बंदूक माळ्यावर तशीच. पोलिसात नेली तर आत टाकतील ही भीती. खाली दोन लहान पोरे झोपतात. आम्ही सुभेदारांना निरोप धाडला. ते आले, त्यांनी नळी भिंतीकडे धरून आत गज घातला, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. चार बोटांचा फरक. म्हणजे बार तीन वर्षे आत भरलेला! त्यांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली, सगळ्यांना बाहेर बसवले आणि मग फौजदारांना फोन केला. परवाना संपलेली बंदूक परस्पर घेऊन हिंडू नये, आधी कळवावे, हा त्यांचा नेम.

पोलिसांनी उशिराबद्दल जबाब लिहून घेतला, बंदूक जमा केली, पावती दिली. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, किंवा तो बंदूक रीतसर विकूही शकतो. या तरुणाने अजून ठरवलेले नाही. बायको विका म्हणते.

आणखी कुणाच्या घरी वाडवडिलांचे असे हत्यार पडून असेल तर आमच्याकडे सांगावे, नाव बाहेर जाणार नाही. सुभेदार दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गट ऑफिसात बसून अर्ज भरून देतात, त्याचे काही घेत नाहीत. येताना परवान्याचे जुने कागद आणावेत. बंदूक मात्र आणू नये, असे त्यांनी दोनदा बजावून सांगितले आहे.