कोवळे कलम ‘सुकते’ म्हणजे काय?

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे समुद्रकाठच्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असले, तरी हा मुलूख हापूसचाही आहे. घराच्या आवारातील दोन-तीन वर्षांचे कलम खंगू लागले म्हणजे ‘कलम सुकते आहे’ असे सरसकट म्हटले जाते, आणि पाणी वाढविण्याचा उपाय बहुधा त्या वाक्यातूनच निघतो. ‘सुकणे’ या क्रियापदात पाण्याचा अभाव गृहीत आहे. झाडाच्या ठिकाणी तो असतोच असे नाही.

प्रथम निरोगी अवस्था वेगळी काढावयास हवी. आंब्याची नवी पालवी तांबूस, मऊ व खाली लोंबणारी असते. ती हिरवी होऊन ताठ होईपर्यंत हे लोंबणे स्वाभाविक होय. जुनी पाने मलूल झाली, तरच शंकेस जागा आहे.

अशा वेळी पानापेक्षा मातीचा पुरावा अधिक भरवशाचा. वीतभर खोलीवर माती कोरडी असेल, तर ‘सुकणे’ हा शब्द यथार्थ ठरतो. ती चिखलासारखी, किंबहुना आंबूस वासाची असेल, तर कलम तहानेले नसून गुदमरलेले असते. जांभा सच्छिद्र असला, तरी सड्यावरचा कठीण कातळ पाणी सहजी मुरू देत नाही. त्यात खोदलेला खड्डा हे एक भांडेच होय. (विटेच्या लॅटिन नावावरून या खडकाला ‘लॅटराइट’ म्हणणाऱ्या फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली त्याच्या बांधकामातील उपयोगाकडे पाहिले होते; बागाइतदाराची अडचण निराळी.) पावसाळ्यात हे भांडे भरले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे भोवतालचे पाणीही वर चढवू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानेल्यासारखे दिसते. येथे पाणी वाढविणे घातक. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढणे हाच उपाय. खतही नवी पालवी फुटेपर्यंत थांबवावे.

पानांच्या कडा व टोकेच जळली असतील, तर त्यास ‘करपणे’ म्हणावे. हे करपणे समुद्राकडील बाजूस अधिक असेल, तर खारा वारा कारण समजावे व माडाच्या झापांचा आडोसा करावा. ते सर्व बाजूंनी सारखे असेल, तर विहिरीचे पाणी मचूळ आहे काय ते पाहावे. अशा ठिकाणी क्लोराइडयुक्त पालाशखत टाळलेले बरे.

एकच फांदी वाळली आणि बुंध्याशी भुसा पडला, तर भिरूड उघडच आहे. तारेच्या आकड्याने अळी काढून भोक चिखलाने बुजवावे.

‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. लेखणी आणि छाटलेली डहाळी हे दोन्ही अर्थ फारसीतही आहेत. डहाळी मेली तरी खालचा खुंट जिवंत राहू शकतो. म्हणून ‘सुकलेले’ झाड पुन्हा फुटले, तर फुटवा सांध्याच्या वर आहे की खाली हे पाहावे. खालचा असेल, तर झाड वाचले. हापूस मात्र गेला.