महिनाभराचा संघ : पुणे स्ट्रायकर्स

क्रिकेटचे किती संघ आले आणि गेले, ते शाळकरी मुलेही सांगतील. पण पुण्याच्या नावाने एक हॉकी संघ होता, तो देशव्यापी स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि नंतर पुन्हा कधीच मैदानात उतरला नाही, हे किती जणांच्या लक्षात असेल?

त्या संघाचे नाव पुणे स्ट्रायकर्स. स्पर्धा होती ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’. २९ फेब्रुवारी २०१२ला ती सुरू झाली आणि २ एप्रिलला संपली. आठ शहरांचे आणि प्रांतांचे संघ, प्रत्येकाचे साखळीत चौदा सामने, नेहमीच्या दोन डावांऐवजी चार भाग आणि सामन्यांचे दूरदर्शन वाहिनीवरून थेट प्रक्षेपण, असा सगळा थाट होता. अंतिम सामना मुंबईच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर झाला. शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असे हरवले. जेमतेम महिनाभराच्या आयुष्यात संघाने उपविजेतेपद मिळवले, आणि तिथेच त्याचा इतिहास संपला.

खडकीची माती

पुण्याचे नाव हॉकीशी जोडले जाणे हा योगायोग नव्हता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हॉकी पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. धनराज पिल्ले तिथलेच. वडील मैदानाची देखभाल करायचे. नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा ही भावंडे मोडलेल्या स्टिका दोरीने बांधून खेळत. थोरला भाऊ रमेश मुंबईला खेळायला गेला, त्याच्या मागोमाग धनराज गेले आणि पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळले. १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले.

त्या काळी खेळाडूला आधार होता तो नोकरीचा. रेल्वे, बँका, मोठे कारखाने आपापले संघ बाळगत. पगार फार नसे, पण महिन्याच्या महिन्याला घरात पैसे येत आणि खेळ थांबल्यावरही नोकरी राही. मुलाच्या हाती हॉकी स्टिक देताना आईवडिलांना तेवढा भरवसा पुरेसा होता.

आधीचा प्रयोग

व्यावसायिक लीगची पहिली हाक आली २००५मध्ये. भारतीय हॉकी महासंघाने ‘प्रीमियर हॉकी लीग’ सुरू केली. महाराष्ट्राचा संघ होता मराठा वॉरियर्स. धनराज त्यात खेळले. मात्र पहिल्या हंगामाचे सगळे सामने हैदराबादला झाले. संघ मराठ्यांच्या नावाचा, पण त्याला आपल्या गावच्या मैदानावर पाहण्याची सोय मराठी माणसाला नव्हती!

मार्च २००८मध्ये भारताला बीजिंग ऑलिंपिकची पात्रता मिळवता आली नाही. पाठोपाठ महासंघाच्या सचिवांवर लाच घेतल्याचा आरोप झाला आणि एप्रिलमध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघच निलंबित केला. लीग बंद पडली आणि मराठा वॉरियर्सही संपले. नेमक्या त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटची आयपीएल सुरू झाली.

दोघांचे भांडण

पुणे स्ट्रायकर्सचा घास घेतला तो अशाच भांडणाने. वर्ल्ड सिरीजच्या मागे जुना महासंघ आणि एक क्रीडा प्रक्षेपण कंपनी होती. पण आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता होती नव्याने स्थापन झालेल्या ‘हॉकी इंडिया’ला. त्यामुळे स्पर्धा बिनमान्यतेची ठरली आणि राष्ट्रीय संघातले अनेक खेळाडू तिच्यापासून दूर राहिले. तरीही धनराज वयाच्या ४३व्या वर्षी पुन्हा मैदानात उतरले. मात्र पुण्याकडून नव्हे, कर्नाटक लायन्सकडून.

स्पर्धेनंतर मानधन थकल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. दुसरा हंगाम लांबणीवर पडला आणि कधीच झाला नाही. जानेवारी २०१३मध्ये हॉकी इंडियाने स्वतःची लीग सुरू केली. तीत पुण्याला जागा नव्हती. मुंबई मॅजिशियन्स आले, पहिल्याच वर्षी पाच संघांत शेवटचे राहिले आणि २०१४च्या हंगामानंतर गेले. त्यांच्या जागी आलेला दबंग मुंबई २०१७मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, कलिंगा लान्सर्सकडून हरला. त्यानंतर ती लीगही थांबली. २०२४च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

टिकते ते काय?

मग टिकते काय? उत्तर शोधायला थोडे पूर्वेकडे जावे लागेल. छत्तीसगडमधील राजनांदगाव हे छोटे शहर. या लीगपैकी कुठल्याही हंगामात त्याच्या नावाचा संघ नव्हता. पण महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ होणारी अखिल भारतीय स्पर्धा हे तिथल्या वर्षातले मोठे आकर्षण, आणि ‘हॉकीची नर्सरी’ ही शहराची ओळख. तिथल्याच रेणुका यादवने २०१६चे रिओ ऑलिंपिक गाठले. शेजारच्या दुर्गची, भिलाईला अगदी लागून असलेल्या गावची, सबा अंजुम २००२मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली आणि २०१५मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

कोलकात्याचा बेटन चषक १८९५चा, मुंबईचा आगाखान चषक १८९६चा. या स्पर्धांना झगमगाट नव्हता; पण मैदान होते, दर वर्षी येणारे प्रेक्षक होते आणि लहान मुलाला ‘आपणही इथे खेळू’ असे वाटायला लावणारी जवळीक होती.

पुणे स्ट्रायकर्सचे खेळाडू कमी पडले नाहीत. कमी पडली ती संघामागची उभारणी. वरून आणलेला संघ वरच्यांच्या भांडणात बुडतो. खालून वाढलेला खेळ मात्र संघ बुडाला तरी उरतो. पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान आहे. महाराष्ट्राचा पुढचा संघ कुठल्या लीगमध्ये खेळेल ते पुढे ठरेल. तोवर अशा मैदानांवर मुलामुलींना वेळेवर स्टिक, चांगला शिक्षक आणि पुढे नोकरीचा भरवसा मिळाला, तर पुढचा संघ महिनाभराचा पाहुणा ठरणार नाही.