पावाच्या गाडीचं इंजिन

अमेरिकेत दुकानोदुकानी पाव आणि वेफर पोचवणाऱ्या चौकोनी व्हॅन असत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत कमिन्सचं ३.९ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन होतं : ४बीटी. व्हॅन गंजून भंगारात गेल्या, इंजिनं मात्र मरेनात. मग ती जुन्या पिकअपमध्ये बसवण्याचा नाद लोकांना लागला. ‘मूळचा पुण्याचा एक निवृत्त इंजिनिअर तिकडे हेच उद्योग करतो, बघून ये,’ असं संपादक म्हणाले, आणि मी इंडियानातल्या कोलंबसला पोचलो.

कोलंबस हे कमिन्सचं गाव. कंपनी १९१९ची. कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली ती १९६२ साली. ४बीटीचं थोरलं भावंड, म्हणजे सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन, १९८९ साली डॉज पिकअपमध्ये आलं आणि पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समुळे आपल्या ट्रकांतही. इतिहास एवढा पुरे.

त्या इंजिनिअर काकांच्या शेडमध्ये १९७८ची फोर्ड एफ-२५० उभी होती, पेट्रोलचं व्ही-८ काढून टाकलेली. मला त्यांनी आधी बसवलं ते बॉशच्या व्हीई डिझेल पंपासमोर. “चालू राहायला याला एकच वायर लागते,” काका म्हणाले. “सोलेनॉइडला बारा व्होल्ट दिले की डिझेल सुरू, काढले की बंद. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही.”

पंपाच्या माथ्यावरचं झाकण त्यांनी उघडलं. आत रबरी डायफ्रॅम आणि त्याला लटकलेली निमुळती पिन. टर्बोनं दाबलेली हवा एका बारीक नळीतून डायफ्रॅमवर येते. दाब वाढला की पिन खाली सरकते, तिच्या उतारावर टेकलेला छोटा खिट्टा आत घुसतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. हवा आली तरच जादा इंधन, असा हा रोखठोक व्यवहार. पिनची घासाई मुद्दाम एका बाजूला जास्त केलेली असते, त्यामुळे डायफ्रॅम नुसता फिरवला तरी इंधनाचं माप बदलतं. काकांनी तो बोटभर फिरवला, परत जागेवर आणला. “लोक इथे हावरटपणा करतात. मग काळा धूर, आणि एक्झॉस्ट तापून लाल.” पुस्तकातल्या दहा आकृत्यांनी जे कळलं नसतं ते त्या पिनवरून बोट फिरवताना कळलं.

पण इंजिन मिळणं हा या कामातला सोपा भाग. ते दिसायला लहान, वजनाला सुमारे ३४० किलो. पुढच्या स्प्रिंगा बदलल्याच पाहिजेत. फोर्डचा गिअरबॉक्स त्याला थेट जुळत नाही, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. व्हॅनमधला गव्हर्नर इंजिनाला मिनिटाला २,६०० फेऱ्यांच्या आसपास आवळतो. या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.१०, म्हणजे टॉप गिअरमध्येही ताशी शंभरच्या आतच दम संपतो. ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स आणा. ब्रेकचं वेगळंच : पेट्रोल इंजिनातल्या निर्वात ओढीवर चालणारा बूस्टर डिझेलवर लुळा पडतो, म्हणून व्हॅक्यूम पंप बसवा किंवा स्टिअरिंगच्या ऑइलवर चालणारा बूस्टर.

टायमिंग केसमागे करंगळीच्या पेराहून लहान एक डॉवेल पिन असते. हादऱ्यांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडली तर केस फोडते. तिकडे तिला खुनी पिनच म्हणतात. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी लावून काकांनी तिला कोंडली होती.

हादऱ्यांवर मात्र पट्टी नाही. चार सिलिंडर एका ओळीत, १२० मिलिमीटरचा स्ट्रोक आणि बॅलन्स शाफ्ट नाही. दर फेरीला इंजिन दोनदा वरखाली उसळतं. मऊ माउंटिंग लावली तर चालू-बंद होताना पंखा रेडिएटरच्या आवरणावर आपटतो. कडक लावली तर आरशात मागचा ट्रक आहे की झाड, कळत नाही. सध्या कडक आहेत, आणि काकूंनी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला आहे.

हेच इथे, सांगलीत किंवा नाशकात, करावं का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, तेव्हा आधी आरटीओ गाठावं.

काकांचा डोळा आता सहा सिलिंडरवर आहे. ते उपजतच समतोल, थरथर जवळपास नाही. वजन मात्र ५०० किलोच्या घरात, आणि लांबी इतकी की रेडिएटर पुढे सरकवावा लागेल. मापं त्यांनी घेऊन ठेवली आहेत. स्प्रिंगा पुन्हा बदलाव्या लागणार, एवढं त्यांनी काकूंना अजून सांगितलेलं नाही.